पावसाळ्यात पडलेल्या झाडाचं लाकूड: चिरणं, सुकवणं आणि कामाला लावणं

जून लागला की ठाण्यात आणि नवी मुंबईत झाडं पडायला लागतात. रस्त्याकडेचे रेन ट्री, सोसायटीच्या आवारातले आंबे-फणस, जुन्या बंगल्यांमागची जांभळं. तासाभरात ठेकेदाराची माणसं चेनसॉ घेऊन येतात आणि टेम्पोत बसावं म्हणून खोडाचे तीन-तीन फुटांचे ओंडके पाडतात. लाकूड वाया जातं ते तिथेच. तीन फुटांच्या ओंडक्यातून वासा निघत नाही, फळीही धड निघत नाही, कारण सुकताना दोन्ही टोकांना पाच-सहा इंच तडे जाणारच असतात.

म्हणून पहिलं हत्यार खडू. करवत लागायच्या आधी खोडावर खुणा करा: सरळ भाग नऊ फुटांचे, ते जमत नसेल तर साडेसहा फुटांचे. जिथे फांदी फुटते तो जोड निराळा ठेवा. खोड कलतं वाढलेलं असेल तर त्यात ताण साठलेला असतो. असं लाकूड चिरताना आऱ्यातच वाकडं होतं, त्याच्या लांब फळ्यांची आशा धरू नका. जाड फांद्यांचं तेच. त्या सरळ दिसल्या तरी त्यांच्या फळ्या करू नयेत.

वजनाचा अंदाज आधी घ्या. दोन फूट व्यासाचं, आठ फूट लांबीचं ओलं खोड साडेसहाशे-सातशे किलो भरतं. म्हणजे एका ‘छोटा हत्ती’त एकच ओंडका, तोही जपून. चार माणसांनी ढकलून चढवायची ही वस्तू नाही, हायड्रा (फिरती क्रेन) किंवा चेनपुली लागते.

कागदपत्रं

याला बगल देऊ नका. महापालिका हद्दीत उभं झाड तोडायचं तर 1975च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 50 वर्षांवरच्या झाडांना 2021च्या दुरुस्तीनंतर हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे. झाड आपसूक पडलं असलं तरी उद्यान विभागाला कळवा, फोटो काढा आणि लाकूड ठेवून घेत असल्याचं लेखी घ्या. शहापूर-मुरबाडकडे खासगी जमिनीतल्या साग, ऐन, खैर, किंजळ, आंबा, फणस अशा झाडांना 1964चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो. लाकूड गाडीत घालण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याचं विचारा. साग-ऐनाला तो लागतोच. आरागिरणीलाही वनविभागाचा परवाना असावा लागतो. जी गिरणी तुमच्याकडे कागद मागत नाही, ती टाळा. येऊरचं पडलेलं लाकूड आणि खाडीचं कांदळवन, दोन्हींना हात लावायचा नाही. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे.

कोणतं झाड कशाला

सागाबद्दल सगळ्यांना माहीत आहे, त्याचं थोडक्यात आटपतो: कमी आक्रसतो, टिकतो, हत्यारांची धार घालवतो. फक्त शहरातल्या कोवळ्या सागात बाहेरचा पांढरा थर जाड असतो आणि त्या थरात सागाचा एकही गुण नसतो. तो काढून टाकल्यावर हातात काय उरतं, ते पाहून भाव करा.

ऐन हा ठाणे जिल्ह्यातला खरा इमारती लाकडाचा आधार. घनमीटरला साडेआठशे किलोच्या आसपास, सागापेक्षा बराच जड आणि ताकदीचा. खांब, तुळई, वासे यांना उत्तम. पण तो हट्टी आहे. धागे उलटसुलट गुंफलेले असतात, रंधा उलटा मारला की ढलप्या उडतात, आणि घाईने सुकवला तर पृष्ठभागावर बारीक चिरांचं जाळं पडतं.

फणस सुकवायला सगळ्यात सोपा. वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही, चिरल्यावरचा पिवळा रंग वर्षभरात तपकिरी होतो. दारं, चौरंग, देव्हारा यांना फणसासारखं लाकूड नाही. आंबा त्याच्या उलट. चिरायला मऊ, पण ओला असताना बुरशीने निळा पडतो आणि सुकल्यावर भुंगा लागतो. आंब्याचं खोड पावसात पडून राहिलं तर दोन-तीन आठवड्यांत डाग आत शिरतो, त्यामुळे तो आधी गिरणीत न्या. जांभूळ पाण्यात टिकतं, पण उन्हात वाकतं आणि फाटतं. ते घ्यायचं तर आखूड आणि जाड तुकड्यांसाठी. काळा शिरीष मिळाला तर सोडू नका, त्याचा गाभा अक्रोडाच्या तोडीचा दिसतो. बाभळीच्या खुंट्या आणि हत्यारांचे दांडे करा.

रेन ट्री शहरात सगळ्यात जास्त मिळतो आणि त्याची किंमत सगळ्यात कमी केली जाते. गाभा गर्द तपकिरी, आक्रसणं सागापेक्षाही कमी, रुंद फळी निघते. उघड्यावरच्या बांधकामाला नको, घरातल्या टेबलाला झकास. भुसा नाका-डोळ्यांना झोंबतो, साधं फडकं न बांधता एन-95 मास्क लावा. गुलमोहर आणि आसुपालव मात्र खुशाल ठेकेदाराला देऊन टाका.

मोजमाप आणि चिराई

वखारीत आणि गिरणीत गोल लाकूड ‘पाव गोलाई’ने मोजतात. मधोमध दोरीने घेर घ्या, चार ने भागा, त्याचा वर्ग करा, फुटातल्या लांबीने गुणा आणि 144 ने भागा. घेर 48 इंच, लांबी आठ फूट असेल तर 12 गुणिले 12 गुणिले 8 भागिले 144, म्हणजे 8 घनफूट. त्याच खोडाचं खरं घनफळ सव्वादहा घनफुटांच्या जवळ जातं. हा फरक चोरी नाही. गोल लाकडातून चौकोनी काढताना जे वाया जाणार, त्याची ती आधीच धरलेली वजावट आहे. तरी चिरलेला माल खऱ्या घनफळाच्या निम्माच हाती येतो असं धरून चाला.

गिरणीत न्यायच्या आधी खोड तपासा. शहरातल्या झाडात खिळे, तारा, बॅनरचे हुक, क्वचित अख्खी साखळी असते. साल वाढून सगळं झाकलं जातं. सुरक्षारक्षक वापरतात तसं हातातलं मेटल डिटेक्टर सावकाश फिरवा, विशेषतः जमिनीपासून सात फुटांपर्यंत. कापलेल्या तोंडावर निळसर काळा डाग दिसला तर त्या रेषेत लोखंड आहे असं समजा. ऐन, बाभूळ, साग यांतल्या टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला की तोच रंग येतो. खिळा लागून आऱ्याचा पट्टा तुटला तर त्याचे पैसे तुमच्याच बिलात येतात.

चेनसॉला फ्रेम लावून जागेवरच चिरता येतं आणि खोड हलवता येत नसेल तेव्हा दुसरा इलाजही नसतो. सत्तर सीसीपेक्षा मोठं मशीन, तीन फुटी बार आणि उभं चिरण्यासाठी दहा अंशांत घासलेली साखळी लागते. साध्या साखळीने उभं चिरायला गेलात तर मशीन तापतं आणि फळी लाटांसारखी निघते. साखळी दर कापाला आठ-नऊ मिमी लाकूड खाते, आऱ्याचा पट्टा तीन. पाचशे मिमीच्या खोडातून 27 मिमीच्या फळ्या काढल्या तर पट्ट्यावर सोळा निघतात, साखळीवर तेरा-चौदा. जाड स्लॅबला हा फरक जाणवत नाही, फळ्यांना जाणवतो.

खोडाच्या केंद्रातला भेंड फळीच्या मधोमध राहू देऊ नका. सगळे तडे तिथूनच फुटतात. एकतर तो एका चार इंची खांबात पूर्ण कोंडा (मग खांबाला एका बाजूने उभी चीर जाईल, ती जाऊ द्या, ताकद फारशी कमी होत नाही), नाहीतर त्याच्यावरून काप घेऊन दोन फळ्यांत वाटून टाका. सरसकट एकाच दिशेने चिरलं तर माल जास्त निघतो, पण बाहेरच्या फळ्या पन्हळीसारख्या वळतात. दरवाज्याच्या चौकटी, ड्रॉवर, मोजून बसवायची कामं यांसाठी खोडाचे चार भाग करून, तोंडावरची वर्तुळं फळीच्या जाडीत उभी येतील असं चिरून घ्या. गिरणीवाला कुरकुर करेल, कारण दर वेळी ओंडका फिरवावा लागतो. त्याचे जादा पैसे द्या. ते वसूल होतात.

जाडी मागताना सुकण्याची आणि रंध्याची तूट धरा. तयार एक इंच हवी असेल तर 30 मिमी चिरा, दोन इंच हवी असेल तर 57. खांब-वाशांना एक सूत (इंचाचा आठवा भाग) जादा पुरतं.

चिरल्यावर पहिले काही तास

टोकं तासाभरात बंद करा. टोकातून पाणी फळीच्या बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने जातं आणि तडे तिथूनच सुरू होतात. वितळवलेलं मेण उत्तम. नसेल तर घरात उरलेल्या ऑइल पेंटचे दोन जाड हात. दुसऱ्या दिवशी केलं तर उपयोग निम्मा होतो, कारण डोळ्यांना न दिसणारे तडे आधीच पडलेले असतात.

आंबा, रेन ट्रीचा पांढरा भाग, सुबाभूळ अशांना याच वेळी बोरॉन द्या. शंभर लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक ॲसिड. पाणी कोमट असेल तर पटकन विरघळतं. ताज्या ओल्या फळ्या त्यात बुडवा किंवा ब्रशने दोनदा भरपूर लावा, मग एकावर एक घट्ट रचून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. इंचाच्या फळीला दोन आठवडे, दोन इंचीला महिनाभर. लाकडातल्या ओलाव्यातूनच औषध आत झिरपतं, त्यामुळे सुकलेल्या फळीवर हा प्रयोग वरवरचा राहतो. आणि बोरॉन पावसाने धुऊन जातं, म्हणजे तो घरातल्या कामांसाठी. बाहेरच्या कामाला टिकाऊ गाभाच हवा.

आंब्याचे ओंडके महिना-दोन महिने तळ्यात बुडवून ठेवायची कोकणातली जुनी पद्धतही खरी आहे. पाण्यात लाकडातली साखर आणि पिठूळ अंश निघून जातो आणि भुंग्याला खायला काही उरत नाही. मात्र गोडं पाणी हवं. खाडीत बुडवलेलं लाकूड मीठ शोषतं, पुढे दमट हवेत कायम ओलसर राहतं आणि स्क्रू गंजवतं.

थर लावणं

सुकवण्याचं सगळं यश थर, म्हणजे हवा खेळेल अशी फळ्यांची चळत, कसा लावला यावर असतं आणि इथेच सगळ्यात जास्त आळस केला जातो.

जागा उंच, पाणी न साचणारी. खाली काँक्रीटचे ब्लॉक, जमिनीपासून दीड फूट वर. आपल्याकडे पावसाचं उडणारं पाणीच फूटभर वर येतं, आणि वाळवीची मातीची नळी ब्लॉकवर चढताना दिसायला हवी. ब्लॉकांवर चार इंची आडवे वासे, दोन-दोन फुटांवर. दोरी ताणून ते एका पातळीत आणा. पाया पिळलेला असेल तर वरची प्रत्येक फळी तसाच पीळ घेऊन सुकते आणि तो पीळ मग निघत नाही.

फळ्यांच्या दोन थरांमध्ये एक इंच बाय एक इंचाच्या सुक्या पट्ट्या. इंची फळीला दर दीड फुटावर, दोन इंचीला दर दोन फुटांवर, आणि एक पट्टी अगदी टोकाशी. सगळ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत ओळंब्यात एकावर एक यायला हव्यात. एखादी चार इंच सरकली की वरचं सगळं वजन फळीच्या अधांतरी भागावर येतं आणि तिथे फळी बसते. पट्ट्या ओल्या किंवा सालीसकट असतील तर त्यांच्या खाली बुरशीचे आडवे डाग उमटतात, ते रंध्यानेही जात नाहीत.

थराची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर मधल्या फळ्यांना हवा लागत नाही. इथला वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून फळ्यांची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे वारा पट्ट्यांमधून आरपार जातो. वर पन्हळी पत्रा, चारही बाजूंना दोन फूट बाहेर. पत्रा आणि वरचा थर यांत अर्धा फूट मोकळं. ताडपत्रीत गुंडाळू नका. गुंडाळलेल्या लाकडाला घाम येतो आणि पंधरा दिवसांत पांढरी बुरशी धरते. वरच्या थरावर काँक्रीटचे ब्लॉक रचून वजन द्या, चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास.

आता हंगाम. चिराई ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर या काळात केली तर लाकडाला हवी तशी मऊ सुरुवात मिळते: हवा कोरडी होत जाते, पण भाजत नाही. एप्रिल-मेमध्ये ताजा ऐन चिरून उघड्यावर रचला तर आठवड्यात वरून चिरतो. नाइलाज असेल तर पश्चिमेच्या बाजूला पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. जूनमध्ये पडलेल्या झाडाचं काय करायचं? आंबा आणि रेन ट्री लगेच चिरून बोरॉन द्या. ऐन, साग, फणस टोकं रंगवून, सालीसकट, जमिनीपासून उचलून सावलीत ठेवा आणि ऑक्टोबरची वाट पाहा.

किती दिवस, याला एक उत्तर नाही. इंच जाडीचा फणस नोव्हेंबरात रचला तर मेपर्यंत हवेइतका सुकतो. ऐनाची इंची फळी वर्ष घेते. दोन इंचाचा रेन ट्री दीड वर्ष धरा. कोणतंही लाकूड थरात असताना एक पावसाळा काढू द्यावा असं आमचं मत आहे. पावसाळ्यात ते थोडं फुगतं, ऑक्टोबरात पुन्हा उतरतं, आणि ज्या फळ्यांना वाकायचंच आहे त्या टेबलात जाण्याआधी थरातच वाकून दाखवतात.

ओलावा मोजणं

ताज्या लाकडात सुक्या वजनाच्या निम्मं पाणी सहज असतं, कधी वजनाइतकंही. साधारण 28-30 टक्क्यांपर्यंत उतरेतो लाकूड आकार बदलत नाही. आक्रसणं, वाकणं, पिळणं हे सगळं त्याच्या खाली होतं. आपल्या हवेत उघड्या पडवीतलं लाकूड उन्हाळ्याआधी 11-12 टक्क्यांवर येतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये 18च्या आसपास चढतं. एसी चालू असलेल्या खोलीत 9-10 पर्यंत उतरतं. हे आकडे पाठ असू द्या, पुढचे सगळे निर्णय त्यांवर आहेत.

दोन पिनांचं मीटर घ्या. पिना टोकापासून फूटभर आत, जाडीच्या पाव भागापर्यंत ठोका. तीस टक्क्यांच्या वरचं वाचन निरर्थक समजा. लाकडाच्या जातीनुसार मीटर थोडं चुकतं, म्हणून एकदा ओव्हनने पडताळा: फळीच्या टोकापासून फूटभर आतून इंचभर रुंद तुकडा कापा, लगेच वजन करा, ओटीजीत 103 अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर दोन तासांनी तोला. आधी 212 ग्रॅम, शेवटी 178 असेल तर फरक 34. 34 भागिले 178, म्हणजे 19 टक्के. भागाकार सुक्या वजनाने करायचा, ओल्याने नाही. ही चूक फार होते.

घाई असेल तर सीझनिंग चेंबर, म्हणजे लाकूड सुकवायची बंद भट्टी. इथे एक घोटाळा समजून घ्या. न्हावा-शेवा बंदरामुळे नवी मुंबई, तळोजा, उरण पट्ट्यात निर्यातीच्या पेट्या आणि पॅलेट बनवणारे बरेच आहेत आणि त्यांच्याकडे ‘एचटी’ शिक्क्याचं चेंबर असतं. तो शिक्का म्हणजे लाकडाच्या गाभ्याला 30 मिनिटं 56 अंश तापमान मिळालं, कीड मेली. लाकूड सुकलं असा त्याचा अर्थ होत नाही. एचटी केलेली फळी 35 टक्के ओली असू शकते. भुंगा लागलेला स्लॅब तिथे तापवून घ्यायला हरकत नाही, पण सुकवण्यासाठी कित्येक दिवस ओलावा टप्प्याटप्प्याने उतरवणारं चेंबर हवं. आणि तिथेही ऐन ओला नेऊ नका. थरात 25 टक्क्यांपर्यंत उतरवून मगच न्या.

घरातलं काम: रेन ट्रीचं टेबल

सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन इंच जाड स्लॅब धरू. एसीच्या खोलीत जाणार असेल तर 10-11 टक्क्यांवर आल्याशिवाय हात लावू नका. थरातून काढल्यावर तीन-चार आठवडे त्याच खोलीत, भिंतीपासून सुटा, दोन्ही बाजूंना हवा लागेल असा ठेवा.

पुढची अडचण हालचालीची. अडीच फुटी रुंदीत पावसाळा आणि एसी यांच्यामध्ये पाच-सहा मिमी फरक पडतो, म्हणजे जवळपास दोन सूत. सरसकट एकाच दिशेने चिरलेल्या सागाच्या फूटभर रुंद फळीतही 11 ते 18 टक्क्यांमध्ये चार मिमी जातात. म्हणून स्लॅब लोखंडी पायांना घट्ट आवळू नका. मधला स्क्रू पक्का, बाजूचे स्क्रू रुंदीच्या दिशेने 12 मिमी लांबट केलेल्या भोकांत, वॉशर घालून. पक्का आवळलेला स्लॅब पहिल्याच हिवाळ्यात मधोमध फाटतो आणि लोक लाकडाला दोष देतात.

टोकाला आधीच तडा असेल तर तो एपॉक्सीने बुजवून थांबत नाही. तड्यावर आडवी डमरूच्या आकाराची पाचर बसवा: शिरीषाची किंवा सागाची, स्लॅबच्या जाडीच्या निम्मी खोल, तिचे धागे तड्याला काटकोनात. आधी पाचर करा, ती लाकडावर ठेवून धारदार सुरीने आखा, मग खाच पटाशीने कोरा. उलटं केलं की फट राहते.

पॉलिश करण्याआधी पुन्हा मीटर लावा. 14 टक्क्यांच्या वर पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारलं तर पावसाळ्यात ते पांढुरकं होऊन सुटतं. खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात मारा. एकच बाजू बंद केली तर दुसरीकडून ओलावा येत-जात राहतो आणि पृष्ठभाग वळतो.

बाहेरचं काम: ऐनाची पडवी

रो-हाऊसला किंवा गावाकडच्या बैठ्या घराला लावून आठ फूट लांब, सहा फूट खोल, मंगलोरी कौलांची पडवी. महापालिका हद्दीत याला परवानगी लागते, ती आधी घ्या. घरमालकाचा हट्ट असला तरी गच्चीवर हीच रचना जशीच्या तशी चढवू नका. तिथे वारा वेगळा आणि पाया वेगळा.

माल असा: पुढे दोन खांब 100 बाय 100 मिमी, प्रत्येकी आठ फूट. त्यांवर तुळई 75 बाय 150, नऊ फूट, 150 मिमीची बाजू उभी. भिंतीला पाटई (वाशांची वरची टोकं जिच्यावर बसतात ती) 75 बाय 100, नऊ फूट. वासे पाच, 50 बाय 100, साडेआठ फूट, दोन-दोन फुटांवर. रिपा (कौलं अडकवायच्या पट्ट्या) 50 बाय 25, नऊ ओळी. शिवाय खांबापासून तुळईला दोन तिरक्या टेकण्या. सगळं मिळून सात घनफूट, तूट धरून आठ. गोल लाकूड घ्यायचं तर पाव गोलाईने साडेबारा-तेरा घनफूट मागा.

उतार दोनास एक, म्हणजे सहा फुटाला तीन फूट. सपाट उतारावर मंगलोरी कौलांतून वाऱ्याचा पाऊस उलटा चढतो. रिपांमधलं अंतर 320 मिमीच्या आसपास येतं, पण प्रत्येक कारखान्याचं कौल थोडं निराळं असतं, म्हणून दहा कौलं जमिनीवर अडकवून मोजा आणि मगच रिपा ठोका.

खांब जमिनीत पुरायचा नाही. ऐनाचा गाभाही मातीत काही वर्षांतच बुडाशी कुजतो. सहा इंच उंच काँक्रीटची बैठक, तिच्यात गॅल्व्हनाइज्ड बूट (खांब धरून ठेवणारी लोखंडी बैठक), आणि खांबाचं बूड बैठकीपासून बोटभर वर, म्हणजे तिथे पाणी थांबत नाही. बुडाच्या तोंडाला तेल पिऊन थांबेपर्यंत पाजा.

खांब आणि तुळईचा सांधा खोबण-कुसवाचा: खांबाच्या डोक्यावरची जीभ म्हणजे कुसू, ती तुळईच्या खालच्या ज्या खाचेत बसते ती खोबण. तुळई 75 रुंद, तिचा तिसरा भाग म्हणजे कुसू 25 मिमी जाड, 75 लांब. खोबण 5 मिमी जादा खोल, म्हणजे कुसू तळाला टेकत नाही आणि खांद्यावर, कुसवाच्या बुडाशी असलेल्या सपाट पायरीवर, भार येतो. तुळईच्या खालच्या कडेपासून 40 मिमीवर 12 मिमीचं भोक आरपार पाडा. कुसू आत घालून भोकाची खूण घ्या, कुसू बाहेर काढा आणि त्यावर भोक खांद्याच्या दिशेने 2 मिमी सरकवून, म्हणजे 38 वर पाडा. आता बाभळीची सुकी, टोकाला निमुळती खुंटी ठोकली की ती वाकत जाऊन सांधा आवळून घेते. खुंटी खडखडीत सुकी हवी. ओली खुंटी सुकल्यावर सैल पडते. खांब 18-20 टक्क्यांवर असला तरी चालतो, तो खुंटीभोवती आणखी आवळत जातो. वाशाला तुळईवर बसायला खाच द्या, पण वाशाच्या जाडीच्या पाव भागाहून खोल नको.

लोखंडी खिळे ऐनात मारू नका. पहिल्या पावसात काळे ओघळ येतात आणि चार-पाच वर्षांत खिळ्याभोवतीचं लाकूड सैल होतं. स्टेनलेस स्क्रू वापरा, खाडीजवळ असाल तर 316 प्रतीचे. ऐनात आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू जात नाही, एकतर लाकूड फाटतं नाहीतर स्क्रूची मान तुटते. 5 मिमीच्या स्क्रूला साडेतीन मिमीचं भोक, धाग्याला मेण.

तेलाचं म्हणाल तर नुसतं कच्चं जवसाचं तेल पावसाळ्यात काळ्या बुरशीचं खाद्य होतं. काजूच्या टरफलाचं तेल वाशांना आणि रिपांना फार चांगलं, पण कातडी भाजतं, जाड हातमोजे घाला आणि हात पोहोचेल अशा खांबांना ते लावू नका. खांबांना बुरशीनाशक असलेलं बाहेरच्या कामाचं लाकडी तेल, पहिल्या वर्षी दोनदा, मे अखेर आणि ऑक्टोबरात.

पहिला पावसाळा गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिडी लावून वर चढा. बुटाचे नट सैल झालेले असतील, ते आवळा. खांबांना उभ्या चिरा पडलेल्या असतील. पुट्टी भरू नका, ती पाणी आत कोंडते. चीर खोबणीपर्यंत गेली असेल तरच तिथे स्टेनलेसचा आरपार बोल्ट घाला. वाशांच्या बाहेरच्या तोंडांना बोटाने दाबून पाहा. लाकूड मऊ लागलं तर कौलाची शेवटची ओळ पाणी वाशावर टाकते आहे. ती ओळ दोन इंच पुढे घ्या आणि तोंडांना एक फळी ठोका.